एका लग्नाची नोंद: बर्मिंगहॅमच्या फादर कॉइल यांचे प्रकरण

११ ऑगस्ट १९२१, गुरुवार. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. तिथल्या सेंट पॉल चर्चमध्ये त्या संध्याकाळी फादर जेम्स कॉइल यांनी एक लग्न लावले. वऱ्हाड नव्हते, मेजवानी नव्हती. नवरी रूथ स्टीफन्सन नुकती सज्ञान झालेली, नवरा पेड्रो गसमन तिच्याहून वयाने बराच मोठा, पोर्तोरिकोचा, भिंतींना वॉलपेपर लावणारा कारागीर. दोघांकडे सरकारी परवाना होता आणि दोघेही कॅथलिक होते. फादरांनी विधी केला, आशीर्वाद दिला आणि नेहमीसारखे धर्मगुरू निवासाच्या ओट्यावर झोपाळ्यात येऊन बसले. थोड्या वेळाने रूथचे वडील पायऱ्या चढून वर आले. दोघांत बोलणे झाले आणि मग गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी फादरांच्या डोक्यात शिरली. त्यांना सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात नेले, पण ते वाचले नाहीत. वय ४८.

मारणारा पळाला नाही. चर्चपासून कोर्टाची इमारत चालत दोन-चार मिनिटांवर होती. एडविन स्टीफन्सन तिथे गेला आणि त्याने स्वतःला कायद्याच्या हवाली केले. दोन महिन्यांनी तो निर्दोष सुटला.

हे प्रकरण सहसा 'संतापलेल्या बापाने केलेला खून' म्हणून सांगितले जाते. मला ते पटत नाही. गोळी बापाने झाडली हे खरे, पण तिच्यासाठीची जमीन शहराने पंधरा वर्षे नांगरून ठेवली होती. आणि फादर कॉइल यांनी त्या दिवशी केलेले काम कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, वर्षातून शेकडो वेळा होणारे अगदी रोजचे काम होते. ही दुसरी गोष्ट नजरेआड झाली की माणूस एक तर हुतात्म्याच्या चित्रात जाऊन बसतो, नाहीतर आगाऊ ठरतो.

शॅननकाठचा मुलगा

जेम्स एडविन कॉइल यांचा जन्म २३ मार्च १८७३ चा, आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या ड्रम या गावचा. शॅनन नदीवरचे अथलोन शहर तिथून जवळ. त्या काळी आयर्लंडमधून शेतमजूर, मोलकरणी आणि खाणकामगार जसे जहाजे भरून बाहेर जात, तसेच धर्मगुरूही जात. देशात धर्मगुरू मुबलक होते आणि देशाबाहेर गेलेल्या लाखो आयरिश माणसांना ते हवे होते. लिमरिकजवळच्या मंग्रेट महाविद्यालयात जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू अशाच परदेशी मिशनसाठी मुले घडवत. कॉइल तिथे शिकले, मग रोमला गेले, आणि ३० मे १८९६ रोजी, २३ व्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते बोटीने अलाबामाच्या दक्षिण टोकाला, मोबील बंदरात उतरले.

मोबील हे फ्रेंचांनी वसवलेले, पुढे काही काळ स्पॅनिशांच्या ताब्यात राहिलेले शहर. कॅथलिक माणूस तिथे परका नव्हता. बिशप एडवर्ड ॲलन यांनी तरुण कॉइलना मुलांच्या मॅकगिल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लावले आणि पुढे तिचे प्रमुख केले. आठ वर्षे अशी गेली. १९०४ मध्ये बिशपांनी त्यांना उत्तरेला, बर्मिंगहॅमच्या सेंट पॉल धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू म्हणून पाठवले. राज्य तेच, पण दोन शहरांत जमीन-अस्मानाचे अंतर.

बर्मिंगहॅम वसले १८७१ मध्ये, दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी ही पोलाद बनवायला लागणारी तिन्ही द्रव्ये तिथे हाकेच्या अंतरावर सापडत. शहर इतक्या झपाट्याने वाढले की त्याला 'जादूचे शहर' म्हणू लागले. १९०० मध्ये लोकसंख्या ३८,४१५ होती. आसपासची गावे शहरात सामील करून घेतल्यावर १९१० मध्ये ती १,३२,६८५ झाली. भट्ट्यांना आणि खाणींना माणसे हवी होती. गोरे आणि काळे शेतकरी खेड्यांतून आले. सिसिलीचे इटालियन आले, लेबनॉनचे व्यापारी आले, आयरिश आले. यातले बरेचसे कॅथलिक. तोडकीमोडकी इंग्रजी बोलणाऱ्या या माणसांना जन्म, लग्न, आजारपण आणि मरण या चारही वेळी जिथे जाता येई असे एकच दार होते, ते फादरांचे.

वसईत वाढलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर धर्मगुरू निवासाच्या ओट्यावर थांबलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाच्या घरात वाटणीचे भांडण असते, कोणाचा मुलगा दारूला लागलेला असतो. धर्मग्रामाचा फादर अर्धा वेळ वेदीवर असतो आणि अर्धा वेळ ओट्यावर. कॉइल यांची सतरा वर्षे अशीच गेली. त्यातच कॅथलिक पुरुषांच्या 'नाइट्स ऑफ कोलंबस' या संघटनेच्या स्थानिक शाखेचे ते आध्यात्मिक मार्गदर्शकही होते.

विषाची पेरणी

फक्त रूथची कहाणी वाचली तर हा खून समजत नाही. त्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षे पाहावी लागतात.

दक्षिणेकडच्या राज्यांत त्या काळी कॅथलिकांविरुद्ध प्रचाराचे पीक आले होते. जॉर्जियात टॉम वॉटसन नावाचा राजकारणी आपल्या नियतकालिकांतून पोप, धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर दर अंकात चिखलफेक करी. अलाबामात जन्मलेला सिडनी कॅट्स हा बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक कॅथलिकविरोधी प्रचारावर निवडणूक जिंकून १९१७ मध्ये फ्लोरिडाचा गव्हर्नर झाला. मठांत मुली कोंडून ठेवतात, चर्चच्या तळघरांत बंदुका साठवतात, पोपचा हुकूम आला की कॅथलिक देशावर उलटतील, अशी ही भाषा. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण अलाबामाच्या विधिमंडळाने १९१९ मध्ये तिचा कायदाच केला. मठांची तपासणी करण्याच्या त्या कायद्याने अधिकाऱ्यांना धर्मभगिनींच्या निवासांत वॉरंटशिवाय शिरून झडती घेता येऊ लागली. अफवेला सरकारी शिक्का मिळाला.

शहरात 'ट्रू अमेरिकन्स' नावाची गुप्त संघटना होती. सरकारी नोकरीत कॅथलिक नको, ही तिची मागणी. शहराचे प्रमुख जॉर्ज वॉर्ड स्वतः कॅथलिक नव्हते, तरी कॅथलिक पोलीस प्रमुखाला काढायला त्यांनी नकार दिला. १९१७ च्या निवडणुकीत ते हरले. जिंकणाऱ्याच्या पाठीशी ही संघटना होती, आणि पोलीस प्रमुखाची नोकरी गेली. वॉर्ड यांचे नाव या कथेत फार कोणी घेत नाही. मला ते घ्यावेसे वाटते, कारण शहरात दुसरा रस्ता दिसत होता आणि मतदारांनी तो नाकारला.

याच सुमारास, १९१५ मध्ये, अलाबामाच्याच विल्यम सिमन्सने जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर कू क्लक्स क्लॅन ही संघटना पुन्हा उभी केली. जुनी क्लॅन मुख्यतः काळ्या माणसांवर तुटून पडली होती. नव्या क्लॅनच्या यादीत कॅथलिक, ज्यू आणि बाहेरून आलेलेही होते. बर्मिंगहॅममध्ये तिची शाखा लगेच निघाली आणि तिच्यात वकील, पोलीस, दुकानदार, धर्मोपदेशक असे प्रतिष्ठित लोक भरती होत गेले.

फादर कॉइल या सगळ्यासमोर गप्प बसले नाहीत. स्थानिक वर्तमानपत्रांना पत्रे लिहून ते आरोपांना एकेक करून उत्तर देत. भाषा धारदार, मुद्दा सोडत नसत. त्यांना जिवे मारण्याच्या आणि चर्च जाळण्याच्या धमक्या आल्या. जपून राहा, असे त्यांना सांगितलेही गेले. तरी संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसायचे त्यांनी सोडले नाही. या एका सवयीत मला त्यांचा स्वभाव त्यांच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त दिसतो.

रूथ

एडविन स्टीफन्सन पूर्वी न्हावी होता. पुढे तो मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक झाला, पण त्याच्याकडे स्वतःचे चर्च नव्हते. कोर्टाच्या आवारात थांबायचे, लग्नाचा परवाना काढून बाहेर येणाऱ्या जोडप्यांना गाठायचे, तिथल्या तिथे लग्न लावून द्यायचे आणि दक्षिणा घ्यायची, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. लोक त्याला 'लग्न लावणारा पाद्री' म्हणूनच ओळखत. तो क्लॅनचा सभासदही होता.

त्याची एकुलती एक मुलगी रूथ लहानपणापासून सेंट पॉलच्या आसपास वाढली, कारण घर तिथून जवळच होते. कॅथलिक पूजाविधीचे तिला कुतूहल होते आणि बापाला त्याची चीड. तिने पुढे स्वतःच वार्ताहरांना सांगितले की घरी तिला मारहाण होई, कोंडून ठेवले जाई. १९२१ च्या वसंतात तिने आईबापांना न सांगता शहरातल्याच दुसऱ्या कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. घरी कळल्यावर जाच वाढला.

पेड्रो गसमनची ओळख त्याहून जुनी. तो काही वर्षांपूर्वी स्टीफन्सनच्या घरी वॉलपेपर लावायला आला होता. अनेक वर्षे बर्मिंगहॅममध्ये राहून कष्ट करणारा हा माणूस. पोर्तोरिको १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेले आणि १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले, म्हणजे कागदोपत्री तो रूथइतकाच नागरिक.

लग्नाचा परवाना त्यांनी बर्मिंगहॅमच्या कोर्टातून काढला नाही. कसा काढणार? त्या आवारात बाप दिवसभर उभा. ते शेजारच्या बेसेमर गावी गेले. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्या जोडप्यांना ३० दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस बोर्डावर आपले नाव कोण वाचेल या धास्तीत किती जण दिवस काढतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बेसेमरची ती फेरी लगेच कळेल.

फादरांपुढे कोणते पर्याय होते?

इथे थोडे थांबावे लागेल. हे प्रकरण ऐकून अनेक जण, अगदी श्रद्धाळू कॅथलिकसुद्धा, विचारतात: फादरांनी जरा विचार करायला नको होता का?

कॅथलिक चर्चच्या नियमाने, १९०८ पासून तर अधिकच काटेकोरपणे, कॅथलिक व्यक्तीचे लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर झाले तरच ते ग्राह्य. फादरांनी नकार दिला असता तर या दोघांना चर्चच्या दृष्टीने नवराबायको होण्याचा दुसरा मार्गच उरत नव्हता. वधू सज्ञान होती. राज्याने परवाना दिला होता. दोघांचा बाप्तिस्मा झालेला होता. अशा जोडप्याला परत पाठवणे म्हणजे त्यांच्या हक्काचा संस्कार बापाच्या रागापायी नाकारणे.

बापाला आधी कळवावे? ज्या घरात मुलीला कोंडतात तिथे निरोप पाठवण्याचा अर्थ फादरांना कळत होता. दुसऱ्या धर्मगुरूकडे पाठवावे? मग ओट्यावर तो बसला असता. मला वाटते, त्यांनी फार खल केलाही नसेल. सतरा वर्षे दारावर आलेल्या माणसाला आत घेणाऱ्याने त्या दिवशीही दार उघडले. ज्यांना यात उतावळेपणा दिसतो त्यांनी हेही पाहावे, की स्टीफन्सन स्वतः रोज हेच काम करत होता. कोर्टाच्या पायरीवर अनोळखी जोडप्यांची लग्ने लावताना त्याने कितीजणांच्या बापांना विचारले होते?

खटला

खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ग्रँड ज्युरीने, आरोप ठेवला तो दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा. ओट्यावर बसलेल्या निःशस्त्र माणसाला भर रस्त्यावर, साक्षीदारांदेखत गोळ्या घातल्यावरही फाशीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

स्टीफन्सनचा खर्च क्लॅनने उचलला. त्याच्या वकिलांत ह्यूगो ब्लॅक नावाचा ३५ वर्षांचा हुशार वकील होता. न्यायाधीश विल्यम फोर्ट क्लॅनचे सभासद होते आणि ज्युरीतही क्लॅनची माणसे होती. बचाव दुहेरी होता: आरोपीने गुन्हा केला नाही, आणि केला असेल तर त्या क्षणी त्याचे डोके ठिकाणावर नव्हते. फादरांनी आधी हात उचलला, झटापट झाली, मी जीव वाचवायला गोळी झाडली, असे स्टीफन्सनने साक्षीत सांगितले. प्रतिवाद करायला फादर हयात नव्हते.

पण खटला फिरवला तो दुसऱ्याच गोष्टीने. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने गोऱ्या आणि काळ्यांमधले लग्न बेकायदा ठरवले होते. गसमनला परवाना मिळाला, कारण कायद्याच्या नजरेत तो काळा नव्हता. ब्लॅक यांनी त्याला कोर्टात बोलावून ज्युरीसमोर उभे केले. त्या वेळी खोलीतला उजेड कमी करून घेतला होता, त्यामुळे त्याचा रंग अधिक सावळा दिसावा. त्याला फार प्रश्न विचारले नाहीत. ज्युरीने त्याचा चेहरा पाहावा एवढाच हेतू होता. सरकारी पक्षाने त्याच्या स्पॅनिश वंशाचा उल्लेख केला, त्याची बचावाने टर उडवली.

हा क्षण मला पूर्ण प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतो, गोळीपेक्षाही. गोळी एका माणसाने झाडली. इथे एक हुशार, सुशिक्षित, पुढे मोठा होणारा माणूस शांत डोक्याने दोन द्वेष एकत्र बांधत होता. कॅथलिकांचा राग कमी पडलाच तर वर्णाचा राग भर घालेल, हा हिशेब. फादरांचा मृत्यू बाजूला पडला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते लग्न. ऑक्टोबर संपण्याआधी ज्युरीने निकाल दिला: निर्दोष.

त्यानंतर

स्टीफन्सन घरी गेला आणि म्हातारा होऊन मेला. रूथ आणि पेड्रो यांचा संसार टिकला नाही. रूथ शिकागोला गेली आणि तरुणपणीच वारली. वडिलांनी जे केले त्याचा तिने जाहीर निषेध केला होता, तोही खटला उभा राहण्याआधी, त्याच शहरात राहून. तिच्या धैर्याबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे.

ह्यूगो ब्लॅक यांनी सप्टेंबर १९२३ मध्ये क्लॅनमध्ये प्रवेश केला, १९२५ मध्ये राजीनामा दिला आणि १९२६ मध्ये क्लॅनच्या पाठिंब्यावर ते सिनेटवर निवडून आले. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. नेमणूक होताच एका वार्ताहराने क्लॅनचे जुने सभासदत्व उघड केले. १ ऑक्टोबर १९३७ रोजी ब्लॅक यांनी रेडिओवरून ते कबूल केले, आणि ते पदावर राहिले. पुढची ३४ वर्षे ते न्यायमूर्ती होते. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या एकमुखी निकालात त्यांचे मत होते. १९६७ मध्ये भिन्न वर्णीयांच्या लग्नावरची बंदी त्या न्यायालयाने एकमताने मोडीत काढली, त्यातही ते होते. यातून त्यांचे १९२१ चे वागणे धुऊन निघते असे मला वाटत नाही. पण पुढच्या कामाची किंमतही मला कमी करता येत नाही. माणूस बदलला असेल, तर त्या बदलाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी आगाऊ मोजली होती.

बर्मिंगहॅमला द्वेष सोडायला आणखी फार काळ लागला. १९६३ मध्ये याच शहरात सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये क्लॅनच्या माणसांनी बॉम्ब ठेवला आणि चार काळ्या मुली मारल्या. १९२१ मध्ये ज्युरीने जे माफ केले तेच ४२ वर्षांनी दुसऱ्या दारावर आले.

फादर कॉइल यांना बर्मिंगहॅमच्या एल्मवुड दफनभूमीत पुरले आहे. आयर्लंड सोडून त्यांना २५ वर्षे झाली होती. त्यांच्या मृत्यूच्या बरोबर एक महिना आधी, ११ जुलै १९२१ रोजी, आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात शस्त्रसंधी झाली. मायदेशात गोळीबार थांबला आणि ज्या देशाला त्यांनी आपले मानले तिथे त्यांच्या ओट्यावर तो झाला.

२२ फेब्रुवारी २०१२. तो राखेचा बुधवार होता, प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. त्या दिवशी बर्मिंगहॅमच्या हायलंड्स मेथडिस्ट चर्चमध्ये मेथडिस्ट बिशप विल्यम विलिमन यांनी समेटाची उपासना घेतली. स्टीफन्सन ज्या पंथाचा धर्मोपदेशक होता त्याच पंथाच्या वतीने, त्या खुनाबद्दल आणि त्यानंतरच्या मौनाबद्दल, कॅथलिकांसमोर क्षमा मागितली गेली. खुनाला तेव्हा नव्वद वर्षे उलटून गेली होती. सेंट पॉल १९६९ पासून धर्मप्रांताचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च, आहे. तिथे ऑगस्टमध्ये फादर कॉइल यांच्या स्मरणार्थ मिस्सा होते. मिस्सा संपली की लोक बाहेर पडतात, तो रस्ता आजही कोर्टाच्या जुन्या जागेकडेच जातो.